संघटनात्मक संस्कृती व बदलक्षमता : बारामती-इंदापूरचे सहकारी साखर कारखाने

संस्थेतील माणसे लेखी नियमांपलीकडे पाळत असलेल्या मूल्यांचा, सवयींचा व गृहीतकांचा समुच्चय म्हणजे संघटनात्मक संस्कृती. एडगर शाइन यांनी तिचे तीन स्तर मानले : दृश्य रूपे, उच्चारित मूल्ये व मूलभूत गृहीतके. तिसरा स्तर सर्वांत उशिरा बदलतो.

पुणे जिल्ह्यात याची उदाहरणे बारामती तालुक्यातील माळेगाव व सोमेश्वर, तसेच इंदापूर तालुक्यातील भवानीनगरचा श्री छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा या सहकारी साखर कारखान्यांत आढळतात. येथे शेतकरी हाच भागधारक, ऊसपुरवठादार आणि मतदार असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार शेअर कितीही असले तरी सभासदाला एकच मत मिळते. त्यामुळे विस्तारवाढ, सहवीजनिर्मिती वा आसवनी यांचा निर्णय केवळ तांत्रिक अहवालावर ठरत नाही; वार्षिक सभा, पॅनेलची निवडणूक व ऊसदराची अपेक्षा त्याला वळण देतात.

ही रचना बदलावर दुहेरी परिणाम करते. विश्वास असेल तर गटवार शेतकी कर्मचाऱ्यांमार्फत नवे वाण व ठिबक सिंचन शिवारात लवकर पोचतात. मात्र यंदाचा दर की भविष्यातील गुंतवणूक, हा पेच कायम राहतो. उदाहरणार्थ, २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने इथेनॉलला चालना दिली. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर आलेल्या निर्बंधांनी धोरणबदलाची जोखीमही दाखवली. हिशेबातील पारदर्शकता असल्यास सभासद अशी जोखीम स्वीकारण्याची शक्यता वाढते.