शाकारणी आणि अर्ज

शहापूर-मुरबाडकडे मृगापूर्वीं ज्याचें घर त्यानेंच शाकारावयाचें, हा जुना परिपाठ. अशा खेड्यांतून मुंबईस येऊन सरकारी चाळींत राहणाऱ्या कामगाराला हें स्वातंत्र्य उरलें नाहीं. १९२० नंतर डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें सिमेंटच्या २०७ बी. डी. डी. चाळी उभारल्या. वरच्या मजल्याची गळती खालच्यानें कशी शाकारावी?

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें घरमालकावर दुरुस्तीचें बंधन घातलें. त्यानें हयगय केल्यास पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूनें स्वतः दुरुस्ती करावी, व खर्च ठराविक मर्यादेपर्यंत भाड्यांतून कापून घ्यावा, अशी मुभाहि दिली. परंतु सरकारच्या मालकीचीं घरें त्याच कायद्यांतून वगळलेलीं! तेथील भाडेकरूच्या हातीं अर्ज तेवढा राहिला.