पुणे–दिल्ली हवाई अंतर

पुणे–दिल्ली हवाई अंतर म्हणजे लोहगाव येथील पुणे विमानतळ आणि पालम येथील इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यामधील, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर होय. हे अंतर सुमारे १,१६० किमी असून थेट विमानाला साधारणतः दोन ते सव्वादोन तास लागतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड येथील प्रवाशांचा एकूण वेळ मात्र उड्डाणाइतकाच विमानतळ गाठण्यावर अवलंबून असतो.

अंतराची गणना

दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे १०° फरक आहे. एका अक्षांशाचे अंतर सुमारे १११ किमी असल्याने दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,११० किमी भरते. रेखांशांतील सुमारे ३.२° फरकामुळे पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ३२५ किमी येते. पायथागोरसच्या प्रमेयाने या दोहोंवरून सुमारे १,१६० किमी हे उत्तर मिळते. याहून पुष्कळ लांबच्या अंतरांसाठी पृथ्वीची गोलाई विचारात घेणारे बृहद्वृत्ताचे सूत्र वापरावे लागते.

उड्डाणाचा वेळ

ताशी ८०० किमी वेगाने हे अंतर दीड तासापेक्षा कमी वेळात कापले जाते. धावपट्टीपर्यंतची चाल, आरोहण, अवतरण आणि वळणाचा हवाई मार्ग यांमुळे वेळापत्रकातील वेळ त्याहून अधिक असतो. पूर्व-पश्चिम मार्गांवर वाऱ्याचा परिणाम ठळक असतो. सुमारे ७,२०० किमी अंतराच्या मुंबई–लंडन मार्गावर पश्चिमी वाऱ्यांमुळे जाताना परतीपेक्षा सहसा जास्त वेळ लागतो.

शिरूर व दौंड येथून

घोड नदीकाठचे शिरूर पुणे विमानतळापासून सरळ रेषेत सुमारे ५५ किमी, तर भीमा नदीकाठचे दौंड सुमारे ७० किमी अंतरावर आहे. शिरूरला रेल्वे नाही. तेथील प्रवासी पुणे–अहिल्यानगर महामार्गाने रांजणगाव, शिक्रापूर व वाघोलीमार्गे येतात. दौंड हे रेल्वे जंक्शन असले, तरी पुणे स्थानकावर उतरून लोहगावपर्यंत पुन्हा रस्त्यानेच जावे लागते. विमानतळ गाठण्यास दीड ते दोन तास आणि उड्डाणापूर्वीचे दोन तास धरल्यास दिल्लीत उतरेपर्यंत सुमारे सहा तास होतात. त्यांपैकी विमानात जेमतेम एकतृतीयांश वेळ जातो.

दौंड–मनमाड लोहमार्गाने दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या दौंडहून मिळतात. हे अंतर दीड हजार किमीच्या आसपास असून प्रवासास जवळपास एक दिवस लागतो.

पुरंदर तालुक्यातील नियोजित विमानतळ दौंडला लोहगावपेक्षा जवळ पडेल. शिरूरपासूनचे सरळ अंतर मात्र फारसे बदलणार नाही. त्यामुळे तेथील प्रवाशांचा वेळ वाचणे हे नव्या विमानतळापेक्षा त्याला जोडणाऱ्या रस्त्यांवर अवलंबून राहील.