वलगावचा पूल आणि परक्याचं वावर

गेल्या काही महिन्यांत एकच प्लॅन मी तीन वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकला. नोकरीतून सहा महिने सुट्टी काढायची (नाहीच मिळाली तर राजीनामा!), न्यूझीलंड नाहीतर पोर्तुगाल गाठायचं, तिथे कुणाच्या तरी शेतावर दिवसाचे चार-पाच तास राबायचं. त्या बदल्यात जेवण आणि झोपायला जागा. उरलेल्या वेळात भटकायचं आणि कविता लिहायच्या. तिघांपैकी एकाने खरोखर तिकीट काढलंय. कवितांचं काय होतं ते बघू :)

या प्रकाराला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कोपार्ड नावाच्या बाईंना शनिवार-रविवार शहराबाहेर, मातीत घालवावेसे वाटत होते. शेतावर जायचं तर ओळख पाहिजे, आणि ती नव्हती. मग त्यांनी ससेक्समधल्या एका सेंद्रिय शेताशी बोलून ठरवलं की आम्ही येतो, काम करतो, तुम्ही खायला-राहायला द्या. पहिल्या वीकेंडला मूठभर माणसं गेली. ‘वर्किंग वीकेंड्स ऑन ऑरगॅनिक फार्म्स’, म्हणजे ‘वूफ’. पुढे ते जगभर पसरलं आणि आद्याक्षरं तीच ठेवून नावाचा अर्थ तेवढा बदलत गेला. त्याच्याही आधी, १९६७ च्या युद्धानंतर, परदेशी तरुण पोरं इस्रायलच्या किबुत्झवर संत्री तोडायला जात होती. म्हणजे शहरी माणसाला परक्याच्या शेतात राबावंसं वाटणं ही काही इन्स्टाग्रामने काढलेली टूम नाही.

पण मी वऱ्हाडातला. परक्याच्या शेतात राबत हिंडणं म्हटलं की माझ्या डोक्यात पोर्तुगाल येत नाही, वलगाव येतं.

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की थोड्याच वेळात वलगाव लागतं. तिथे पेढी नदी आहे. नदी म्हणजे काय, आमच्याकडच्या नद्या जशा असतात तशी. पावसाळ्यात अंगावर येणारी आणि उन्हाळ्यात शोधावी लागणारी. २० डिसेंबर १९५६ रोजी रात्री आजारी गाडगेबाबांना मोटारीने अमरावतीला नेत असताना, या पेढीच्या पुलाजवळ त्यांचा प्राण गेला. समाधी अमरावतीत आहे, गाडगेनगरात. पण शेवटचा श्वास रस्त्यावर, दोन गावांच्या मधे. ज्या माणसाने एक्कावन्न वर्षं घर म्हणून काही ठेवलं नाही, त्याच्या बाबतीत हे फारच जुळून आलं. (कादंबरीत कुणी असं लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं की जरा जास्तच होतंय.)

गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला खराटा आठवतो. शाळेतला धडा, भिंतीवरचं चित्र, २०००-०१ पासूनचं ग्रामस्वच्छता अभियान, २००५ पासून अमरावती विद्यापीठाचं नाव. खराटा खरा आहेच, पण त्याने बाकीचं बरंच झाकून टाकलं. खराट्याच्या आधी या माणसाच्या हातात डवरा होता, विळा होता, कुऱ्हाड होती. आणि ती अवजारं बहुतेक वेळा दुसऱ्याची होती. मला त्या काळाबद्दल लिहायचंय.

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अंजनगाव सुर्जीजवळचं शेंडगाव. जात परीट. बाप दारूपायी गेला तेव्हा पोरगा लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आपल्या माहेरी आली. तिथे मामा होता, वावर होतं, गुरं होती. डेबूजी गुराखी झाला, मग औत धरायला लागला, आणि सगळे सांगतात की शेतकरी म्हणून तो अव्वल निघाला.

इथे थोडा इतिहास घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते ६५ दरम्यान अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. पाठोपाठ रेल्वे आली. इंग्रजांनी जमिनीची मोजणी करून रयतेच्या नावावर खाती केली. खातं नावावर आलं म्हणजे जमीन विकता येते, आणि विकता येते म्हणजे गहाण ठेवता येते. युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज मात्र राहिलं. सावकाराची वही, शेतकऱ्याचा अंगठा, आणि वहीत काय लिहिलंय ते ज्याचा अंगठा त्यालाच वाचता येत नाही. डेबूजीच्या मामाचं हेच झालं. कर्ज फिटलं असं त्याला वाटत होतं, कागद वेगळंच बोलत होते. मामा खचून गेला. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजीने औत सोडलं नाही, त्यांना पिटाळून लावलं, अशी हकिकत चरित्रांत येते. परीट जातीच्या पोराने सावकाराला अंगावर घेणं ही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठीच गोष्ट होती.

म्हणजे डेबूजी पळपुटा नव्हता. त्याने शेत राखलं. लग्न झालेलं होतं, बायको कुंताबाई, लहान मुलं. आणि मग १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे तो घरातून निघून गेला. अंगावर फाटकं, हातात काठी आणि मातीचं गाडगं.

फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे कसले दिवस? कापसाची उलंगवाडी होत आलेली, ज्वारी खळ्यावर, हरभरा-गहू सोंगणीला आलेला. हाताला काम भरपूर. पुढची साधारण बारा वर्षं, म्हणजे १९१७ पर्यंतचा काळ, त्याचा अज्ञातवास मानतात. या काळात तो काय करायचा, तर रस्त्याने जाताना कुणी शेतकरी वावरात एकटा राबताना दिसला की सरळ त्याच्या बाजूला जाऊन कामाला लागायचा. निंदण असेल तर निंदण, सोंगणी असेल तर सोंगणी, गाडी चिखलात रुतली असेल तर चाकाला खांदा. कोण, कुठला, काही सांगायचं नाही. भूक लागली तर गाडग्यात चटणी-भाकर मागून घ्यायची. आणि पुष्कळदा असं व्हायचं की शेतकरी भाकर आणायला घराकडे वळला की हा पसार! मजुरी नाही, जेवण नाही, नावसुद्धा नाही.

लोक नाव नसेल तर स्वतःच ठेवतात. कुठे तो गोधडेबुवा झाला, कुठे चिंधेबुवा, कुठे वट्टीसाधू. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर खापर. वेडा म्हणून पोरांनी दगड मारले, चोर म्हणून मोठ्यांनी हाकललं. पासपोर्ट लागला नसेल, पण दापुऱ्याच्या शेतकऱ्याला कोकण म्हणजे परमुलूखच. भात वेगळा, बोली वेगळी, माती लाल. आणि हा गडी सगळीकडे वऱ्हाडीच बोलायचा, शेवटपर्यंत.

आता ‘वूफ’ची अट पुन्हा बघा. इतके तास काम, त्या बदल्यात अन्न आणि निवारा. सरळ देवघेव आहे, दोन्ही पारडी समान, कुणी कुणाचं देणं लागत नाही. मला त्यात काही वावगं वाटत नाही, उलट चांगलाच करार आहे. पण डेबूजी हा हिशोब मुद्दाम बिघडवत होता. तो नेहमी दिल्यापेक्षा कमी घ्यायचा, आणि घ्यायच्या आत निघून जायचा. भाकर घेऊन परत आलेला शेतकरी रिकाम्या वावरात उभा राहिला असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल? वऱ्हाडच्या शेतकऱ्याला देणं लागायची सवय होती, पण ती वहीतल्या देण्याची, दरवर्षी फुगणाऱ्या. इथे मात्र कुणीतरी त्याच्यासाठी राबून गेलं होतं आणि वसुलीला येणारच नव्हतं. ज्याच्या मामाला वहीने खाल्लं, त्याने वहीशिवाय देऊन बघावं, यात मला योगायोग दिसत नाही. हे माझं वाचन आहे, बाबा असं काही बोलले नाहीत. (पूर्णेकाठी ज्या गावी तो वारंवार येत राहिला, जिथे जत्रेच्या गर्दीसाठी त्याने घाटाचं काम उभं केलं, त्या गावाचं नावच ऋणमोचन आहे.)

आणि कविता?

बाबांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी एक ओळ लिहिली नाही. पण ज्यांनी कीर्तनं ऐकली त्यांचं वर्णन वाचलं की कळतं, त्या बारा वर्षांतली वावरं तिथे आली होती. तुकोबा आणि कबीर तोंडपाठ होते, पण कीर्तनाचा मूळ जीव म्हणजे प्रश्न. समोरच्या हजारो लोकांना ते विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढायचे. कर्ज काढून सण का करता, बोकड का कापता, पोराला शाळेत का घालत नाही, सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय ते कुणाला ठाऊक आहे का. घरातली भांडी विका, भाकर हातावर घेऊन खा, पण पोरांना शिकवा, हे त्यांचं सांगणं तर सगळ्यांना माहीत आहे. ते मामाच्या अंगठ्यातून आलंय हे तितकंसं माहीत नाही. ज्याने माणसाच्या शेजारी वाकून निंदण केलंय त्याला त्या माणसाची भाषा उसनी घ्यावी लागत नाही. शेवटच्या दिवसांतलं, वांद्र्याच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. हेडफोन लावून एकदा ऐकाच.

लिहिणारे त्यांच्या आजूबाजूला होते. गो. नी. दांडेकर १९१६ साली परतवाड्याला जन्मले, म्हणजे वलगावच्याच रस्त्यावर. तेराव्या वर्षी ते घर सोडून पळाले, पुढे गाडगेबाबांबरोबर राहिले, हिंडले, आणि त्या भटकंतीवर त्यांचं अर्धं लेखन उभं आहे. यावलीचे तुकडोजी महाराज हातात खंजिरी घेऊन गावोगाव फिरले, स्वतः भजनं रचली, १९५५ मध्ये पार जपानपर्यंत जाऊन आले. त्यांची ‘ग्रामगीता’ही तेव्हाचीच. भटकायचं आणि रचायचं, हे आपल्या माझ्या मित्राच्या स्वप्नाचं खरं रूप म्हणजे तुकडोजी. गाडगेबाबांच्या बाबतीत रचना हवेत विरली.

१९१७ नंतर अज्ञातवास संपला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, मग नाशिक, देहू, आळंदी, १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाईकांसाठी धर्मशाळा. हे सगळं मोठं आहे, पण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. प्रबोधनकारांचं चरित्र आहे, मिळालं तर वाचा.

मला सतावते ती दुसरीच बाजू. फेब्रुवारीतल्या त्या पहाटेनंतर दापुऱ्याच्या वावरात कोण राबत होतं? अव्वल शेतकरी दुसऱ्यांच्या शेतात फुकट सोंगणी करत हिंडत होता, आणि त्याच्या घरी सखुबाई आणि कुंताबाई. परक्या शेतकऱ्याच्या नावे जी बाकी जमा होत होती, ती कुणाच्या तरी खात्यातून वजा होतच होती. चरित्रं इथे घाईत पुढे सरकतात. थोर माणसाचा त्याग म्हणून आपण वाचतो, पण त्यातला अर्धा त्याग कुंताबाईंचा आहे आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. १९२३ मध्ये मुलगा गोविंदा गेला. कुत्रं चावल्याचं निमित्त. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला होते, निरोप कीर्तनातच पोचला, आणि कीर्तन पुढे चालू राहिलं. ही गोष्ट नेहमी बाबांच्या धैर्याची म्हणून सांगतात. तो निरोप पाठवायच्या आधी घरात काय झालं असेल, ते कुणी सांगत नाही.

बाबांनी स्वतःच्या माणसांना एका पैशाची सवलत दिली नाही, हेही खरं. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीवरही घरच्यांचा हक्क ठेवला नाही. १९५२ मध्ये मिशन स्थापन झालं तेव्हा कारभार त्याच्याकडे गेला. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत इतका कडक माणूस आज शोधून सापडायचा नाही. आणि तरीही दापुऱ्याच्या त्या घराचा विचार केला की मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात, आणि त्यांची वजाबाकी करता येत नाही.

तिकीट काढलेल्या मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “अरे, पण माझं लग्न झालेलं नाहीये.” बरोबर आहे त्याचं. मग त्याला विचारलं, तिकडे शेतावर नक्की काय काम आहे? म्हणाला, द्राक्षवेलींची छाटणी. नाशिकला आजोळ असून आयुष्यात कधी कात्री हातात धरली नव्हती पठ्ठ्याने. आता जायच्या आधी पंधरा दिवस मामाच्या बागेत शिकून घेतोय.