फोर्ट्रान, कंपायलर आणि मेमरीची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण १९५७ पर्यंत आलो होतो: आयबीएम ७०४ हे यंत्र आणि त्यासाठी जॉन बॅकस यांच्या गटाने केलेला फोर्ट्रान कंपायलर. आजचा प्रश्न साधा आहे. प्रोग्राम चालू असताना, लागेल तेवढी मेमरी मागून घेता येते का?

फोर्ट्रान ७७ च्या मानकाचं उत्तर होतं, नाही. अ‍ॅरेचा आकार आधीच ठरवावा लागे. मग लोक काय करत? एक भलामोठा अ‍ॅरे धरून ठेवायचा आणि त्याचेच तुकडे सगळ्यांना वाटायचे. गणित वाढलं की आकडा बदला, पुन्हा कंपाइल करा. क्रेच्या कंपायलरमधले पॉइंटर पुढे इतरांनीही उचलले, पण ते मानकाबाहेरचे. एका यंत्रावर चाललेलं दुसऱ्यावर चालेलच याची हमी नाही.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोर्ट्रान ९० ने 'अ‍ॅलोकेटेबल' अ‍ॅरे आणले. फोर्ट्रान ९५ मध्ये सबरूटीन संपलं की असा स्थानिक अ‍ॅरे आपोआप मोकळा होऊ लागला. तरी स्वतः घडवलेल्या टाइपच्या आत तो ठेवता येत नव्हता. तिथे पॉइंटरच वापरायचे, आणि सोडायला विसरलं की मेमरी गळायची. ही सोय १९९८ च्या तांत्रिक अहवालाने दिली आणि फोर्ट्रान २००३ ने ती मुख्य मानकात घेतली. जीफोर्ट्रानमध्ये ती आली ४.२ आवृत्तीत, २००७ साली. कागद आणि कंपायलर यांच्यात असं अंतर पडतं, बघा.

खरी मेख पुढे आहे. फोर्ट्रान २००३ म्हणतं, पाच घरांच्या अ‍ॅलोकेटेबल अ‍ॅरेत दहा घरांचा अ‍ॅरे भरला, तर डावीकडचा स्वतःच दहाचा होईल. जीफोर्ट्रानने हे ४.६ पासून, म्हणजे २०११ पासून, पाळलं. इंटेलच्या कंपायलरमध्ये मात्र २०१६ च्या १७ व्या आवृत्तीपर्यंत त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागे. दर वेळी आकार तपासण्यात वेळ जातो, हे त्यामागचं कारण. म्हणजे ओळ तीच, पण एका ठिकाणी अ‍ॅरे वाढतो, दुसरीकडे हद्दीबाहेर लिहिलं जातं. प्रोग्राम कोसळला तर नशीब म्हणायचं! नाही कोसळला, तर चुकीचं उत्तर आपण खरं धरून बसतो.

म्हणून जुना प्रोग्राम हाती आला की आपण आधी विचारायचं: कंपायलर कोणता, आवृत्ती कितवी, पर्याय कोणते? पुढच्या वेळी समांतर संगणनाकडे वळू.