ब्रिगाखच्या कांठीं तबला

नंदुरबार जिल्ह्यांत प्रकाशें येथें गोमाई नदी तापीला मिळते. संगमाच्या कांठीं उभें राहून पाहणाऱ्याला दोन प्रवाह नेमके कोठें एक झाले हें बोटानें दाखवितां येत नाहीं. पाणी मिसळलें कीं पुढें तापी एवढेंच नांव उरतें. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत श्वार्ट्‌सवाल्ड नांवाचा दाट रानाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथेंहि असाच एक संगम आहे. ब्रिगाख आणि ब्रेग या दोन लहान नद्या डोनाउएशिंगेन या गांवीं एकत्र येतात आणि तेथून पुढें डॅन्यूब या नांवानें काळ्या समुद्राकडे जातात. ब्रिगाखच्याच कांठीं, कांहीं मैल वरच्या बाजूस, फिलिंगेन हें शहर आहे. ऑक्टोबर १९६७ मध्यें फिलिंगेनच्या एका ध्वनिमुद्रणगृहांत जी तबकडी तयार झाली, तिच्यावर मुंबईच्या एका मराठी माणसाचा तबला आहे. तबकडीचें नांव 'जॅझ मीट्‌स इंडिया'. तिच्यावरील एका रचनेचें नांवच 'ब्रिगाख अँड गँजेस', म्हणजे ब्रिगाख आणि गंगा. तबला वाजविणाऱ्यांचें नांव केशव साठे.

जॅझ हें अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें संगीत. जर्मनींत त्याची जी वाट लागली ती विलक्षण आहे. नाझी राजवटींत, १२ ऑक्टोबर १९३५ या दिवशीं, सर्व जर्मन नभोवाणी केंद्रांवरून जॅझ हद्दपार झाल्याची घोषणा झाली. योगायोग असा कीं त्याच १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत येऊन वाजवूं लागला. बर्लिनला जें वर्ज्य, तें अपोलो बंदराला प्रिय! अर्थात् नभोवाणीवरील बंदी ही कांहीं एकट्या जर्मनांची मिरास नव्हे. १९४० मध्यें आपल्याकडील आकाशवाणीनेंहि हार्मोनियमला दार लावलें होतें. पण येथील वाद श्रुतींचा होता, तेथील वंशाचा. तेथें जॅझच्या तबकड्या चोरून ऐकाव्या लागत.

अशा चोरून ऐकणाऱ्या पिढींतील योआखिम-अर्न्स्ट बेरेण्ड यांचे वडील धर्मोपदेशक होते. नाझींना विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथांत ते होते आणि १९४२ मध्यें डाखाउच्या छळछावणींत त्यांचा अंत झाला. युद्ध संपतांच १९४५ मध्यें पुत्र बाडेन-बाडेनच्या नव्या नभोवाणी केंद्रांत दाखल झाला आणि ज्या यंत्रानें दहा वर्षें जॅझला तोंड मिटावयास लाविलें होतें, त्याच यंत्रावरून तें जर्मन घरांत पोंचवूं लागला. १९५३ मध्यें निघालेलें त्यांचें जॅझवरील पुस्तक अनेक भाषांत गेलें. पुढें निरनिराळ्या देशांच्या संगीताशीं जॅझची गांठ घालून देणारी एक तबकड्यांची मालाच त्यांनीं काढली. तींत जपान आहे, ट्यूनिसिया आहे, इंडोनेशिया आहे आणि भारतहि आहे.

या मालेला आश्रय देणारी कंपनी कोणती म्हणाल, तर रेडिओ बनविणारी. फिलिंगेनचा 'साबा' हा कारखाना रेडिओसंचांसाठीं प्रसिद्ध होता. त्याच्या मालक घराण्यांतील हान्स गेऑर्ग ब्रुन्नर-श्वेर यांना ध्वनिमुद्रणाचा इतका नाद कीं ऑस्कर पीटरसनसारखा पियानोवादक त्यांच्या दिवाणखान्यांत मोजक्या मंडळींसमोर वाजवी आणि तें सर्व ते स्वतः यंत्रावर उतरवून घेत.

केशव साठे यांचा जन्म मुंबईंत १९२८ सालीं झाला. १९५६ मध्यें ते लंडनला गेले. तेथें त्यांची गांठ जो हॅरियट या जमैकन सॅक्सोफोनवादकाच्या मंडळींशीं पडली. हॅरियटचाहि जन्म १९२८ चाच. मात्रांचें आणि स्वरसंगतीचें ठरीव बंधन झुगारून देणारें जें जॅझ, ज्याला पुढें 'फ्री जॅझ' हें नांव पडलें, तें हॅरियट यांनीं १९६० मध्यें लंडनमध्यें स्वतःच्या बुद्धीनें सुरू केलें होतें. कलकत्त्यांत जन्मलेले जॉन मेयर यांनीं रागांच्या आधारानें लिहिलेल्या रचना हॅरियट यांच्या पांच आणि भारतीय पद्धतीच्या पांच अशा दहा वादकांनीं वाजविल्या. ती 'इंडो-जॅझ स्वीट' ही तबकडी १९६६ सालीं निघाली. तींत तबला साठ्यांचाच. तेव्हां फिलिंगेनला पोंचलेला हा गृहस्थ नवशिका नव्हता.

फिलिंगेनला एकंदर आठजण बसले. पियानोवर शाफहाउझेनच्या स्विस वादिका इरेन श्वाइट्‌सर, मोठ्या व्हायोलीनच्या जातीच्या बासवर उली ट्रेप्टे, ड्रमवर मानी नॉयमायर. ट्रंपेटवर मानफ्रेड शोफ, सॅक्सोफोनवर फ्रान्सचे बार्नी विलेन. आणि भारतीय बाजूस सतारीवर दिवाण मोतिहार, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर व तबल्यावर साठे.

आतां यांत अडचण काय होती ती पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे गवई कितीहि दूर गेला तरी समेवर येतो, आणि तो येईपर्यंत ठेका सांभाळणें हें तबलजीचें काम. त्याचें सारें स्वातंत्र्य आवर्तनाच्या आंतलें. उलट त्या काळचे जर्मन तरुण वादक आवर्तनच नको म्हणत होते. हा केवळ पोरकट हट्ट म्हणून सोडून देतां येत नाहीं. ज्या पिढीच्या वडिलांनीं एका ठोक्यावर पाऊल उचललें आणि देशासकट सर्वनाशांत नेलें, त्या पिढीला ठरीव ठोक्याचाच वीट आला असेल तर नवल नाहीं. या चळवळींतील सर्वांत तापट सॅक्सोफोनवादक पेटर ब्रोट्‌समान यांनीं आपल्या संगीताचा संबंध वडिलांच्या पिढीच्या अपराधाशीं स्वतःच जोडून दाखविला आहे. त्यांची 'मशीन गन' ही तबकडी मे १९६८ मध्यें ब्रेमेन येथें मुद्रित झाली आणि पहिल्या खेपेस अवघ्या ३०० प्रती निघाल्या. ती प्रथम ऐकणाऱ्यास केवळ गोंगाट वाटेल. परंतु सातपुड्यांत काठी येथील होळीला मोठमोठे ढोल आणि पावऱ्या रात्रभर एकत्र वाजतात, तें ज्यानें कान देऊन ऐकलें आहे, त्याला या गोंगाटांतहि वाट सांपडण्याचा संभव आहे. दोहोंचा वंशसंबंध कांहीं नाहीं. ऐकण्याची तयारी तेवढी एका जातीची लागते.

दुसरी अडचण स्वराची. तबल्याचा दायां षड्‌जांत लावलेला, तंबोऱ्याचा षड्‌ज अखंड चाललेला. जॅझचा पियानोवादक मात्र क्षणोक्षणीं आधारस्वर बदलण्यांत मौज मानणारा. तो बदलूं लागला कीं तबला लागलीच परका होतो. म्हणून अशा बैठकींत स्वराची मुरड पाश्चात्यांना घालावी लागते आणि लयीची आपल्याला. या तबकडींत ही देवघेव सर्वत्र साधली आहे असें म्हणवत नाहीं. कांहीं ठिकाणीं दोन्ही त्रिकुटें एका घरांतील दोन बिऱ्हाडांसारखीं शेजारींशेजारीं नांदतात. जेथें नॉयमायर यांचे ड्रम आणि साठ्यांचा तबला एकमेकांस उत्तर देतात, तेथें मात्र भिंत उरत नाहीं. साठे ठेका सोडीत नाहींत, पण तो लादीतहि नाहींत; समोरचा कोठें जातो आहे तें पाहून बोल विरळ करतात, आणि पुन्हां घट्ट करतात. हा संयम रियाजाशिवाय येत नाहीं.

मुखपृष्ठावर मात्र नांवें आहेत तीं दिवाण मोतिहार त्रिकूट, इरेन श्वाइट्‌सर त्रिकूट, शोफ आणि विलेन यांचीं. साठे व कुसुम ठाकूर त्रिकुटाच्या पोटांत गेले. साथीदाराच्या नांवाचें आपल्याकडेहि पुष्कळदां असेंच होतें. त्यासाठीं जर्मनांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. पण आज महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत केशव साठे हें नांव घेतलें तर किती जणांस ओळख पटेल, याचा विचार करण्यासारखा आहे. युरोपांत मात्र जुन्या तबकड्यांचे शौकीन ही तबकडी जपून ठेवतात.

पुढें 'साबा'चा तबकड्यांचा व्यवसाय १९६८ मध्यें 'एम. पी. एस.' या नव्या नांवानें चालूं लागला. नॉयमायर व ट्रेप्टे यांनीं त्याच वर्षीं जो नवा वाद्यवृंद काढला, त्याचें नांव त्यांनीं 'गुरु गुरु' ठेवलें. साठे लंडनमध्येंच राहिले. जॉन रेनबर्न या गितारवादकाच्या मंडळींत बसून त्यांनीं जुन्या इंग्रजी लोकगीतांना तबल्याची साथ केली. त्या मंडळींची १९७७ ची तबकडी 'ए मेड इन बेडलम' आजहि मिळते. २०१२ मध्यें साठे निवर्तले, आणि २०२४ मध्यें इरेन श्वाइट्‌सर. फिलिंगेनची ती तबकडी मिळाली तर पहिली बाजू आधीं लावावी. तिच्यावर 'सन लव्ह' ही एकच दीर्घ रचना आहे. ती घाईनें ऐकण्याची नाहीं.