आधीं आरोग्य कीं आधीं उद्योग?

ज्याचें मन एकदां ढळलें, त्यानें आधीं पुरतें बरें व्हावें आणि मगच नोकरीचें अगर कॉलेजचें नांव काढावें, हा विचार इतका सरळ वाटतो कीं त्याची फोड करण्याची गरज कोणास भासत नाहीं. घरचीं माणसें तसें म्हणतात. डॉक्टरही पुष्कळदां तसेंच म्हणत आले. परंतु गेल्या सव्वादोनशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा क्रमच तपासून पाहण्याजोगा आहे, असें दिसून येतें.

इ. स. १७९० सालीं इंग्लंडांतील यॉर्क शहरीं वेड्यांच्या इस्पितळांत हॅना मिल्स नांवाची क्वेकर पंथाची एक विधवा मरण पावली. तिच्या पंथबांधवांना तिची भेट घेऊं दिलेली नव्हती. त्यामुळें अस्वस्थ होऊन विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्यानें वर्गणी जमविली आणि १७९६ सालीं यॉर्कजवळच 'रिट्रीट' नांवाचें घर उघडलें. तेथें साखळदंडांना स्थान नव्हतें. ट्यूकचा नातू सॅम्युएल यानें १८१३ सालीं या घराचें वर्णन प्रसिद्ध केलें. रुग्णानें स्वतःस सावरावें यासाठीं जीं साधनें त्यानें सांगितलीं, त्यांत नियमित कामाला अग्रस्थान होतें.

पुढें एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेंत शेंकडों, कधीं हजारों रुग्णांचीं प्रचंड इस्पितळें उभीं राहिलीं, आणि त्यांच्या आवारांत शिरतां शिरतां ट्यूकचा विचार पालटून गेला. शेतें, धोबीखाने, मुदपाकखाने रुग्णांच्याच श्रमांवर चालूं लागले. मोबदला मिळे तो नांवापुरता, पुष्कळदां मुळींच नाहीं. पूर्वीं काम रुग्णाकरितां होतें. आतां रुग्ण कामाकरितां झाला. १९७३ सालीं अमेरिकेंतील एका न्यायालयानें अशा श्रमांनाही किमान वेतनाचा कायदा लागू आहे, असा निर्णय दिला. तेव्हां पुष्कळ संस्थांनीं वेतन देण्याऐवजीं कामच बंद केलें. जें रुग्णाच्या हिताचें म्हणून चाललें होतें, तें फुकट मिळेनासें होतांच नाहींसें झालें. यावरून त्यांत कोणाचें हित किती होतें, याचा अंदाज वाचकांस करतां येईल.

दुसरी वाट खुद्द रुग्णांनींच काढली. न्यूयॉर्क राज्यांतील रॉकलंड इस्पितळांतून बाहेर पडलेल्या कांहीं मंडळींनीं १९४० नंतरच्या दशकांत 'आम्ही एकटे नाहीं' अशा अर्थाच्या नांवाचा एक संघ स्थापिला. १९४८ सालीं त्यांना न्यूयॉर्क शहरांत एक घर मिळालें. त्याच्या आवारांत कारंजें होतें, म्हणून त्याचें नांव 'फाउंटन हाउस' पडलें. तेथें कोणी रुग्ण नसे, सारे सभासद. १९५५ सालीं जॉन बिअर्ड हे तेथें संचालक म्हणून आले. स्वयंपाक, टपाल, कचेरी अशीं घरचीं कामें सभासद आणि सेवक बरोबरीनें करीत. मग घरानें बाहेरच्या मालकांशीं एक करार केला. नोकरी घराच्या हवालीं असावी. ती कांहीं महिने एका सभासदानें करावी. त्याला एखाद्या दिवशीं जाणें जमलें नाहीं, तर दुसऱ्यानें जावें. पगार मात्र इतरांसारखाच मिळावा. मालकाचें काम अडत नसे आणि सभासदाला अपयशाचें भय राहत नसे. दोघांच्याही मनांतील धास्ती या एका युक्तीनें दूर झाली.

तरी ही नोकरी तात्पुरतीच होती. १९९० नंतर न्यू हॅम्पशायर राज्यांत डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनीं पुढचें पाऊल टाकलें. पूर्वतयारीचे लांबलचक वर्ग त्यांनीं काढून टाकले. ज्याला काम हवें आहे, त्याला त्याच्या आवडीची, चारचौघांसारखी नोकरी लगोलग शोधून द्यावी, आणि ती लागल्यावर त्याची पाठराखण सोडूं नये, असा त्यांचा नियम. नोकरी शोधून देणारा मदतनीस आणि औषधोपचार करणारे डॉक्टर यांनीं एकाच मंडळांत बसावें, हेंही त्यांत आलें. पाण्यांत पडल्यावांचून पोहतां येत नाहीं, हें आपल्याकडील शहाणपणच तें!

पण बुडण्याचें भय खोटें होतें काय? युरोपांतील सहा शहरांत ३१२ रुग्णांवर या पद्धतीची परीक्षा घेण्यांत आली. तिचा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. नव्या पद्धतीनें शेंकडा ५५ जणांनीं निदान एक दिवस तरी काम केलें. 'आधीं शिकवा, मग पाठवा' या जुन्या पद्धतीनें २८ जणांनीं. एक दिवस हें माप तोकडें आहे, आणि जवळजवळ निम्मे लोक नव्या पद्धतीनेंही कामाविना राहिले, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु पुन्हां इस्पितळांत जावें लागणाऱ्यांचें प्रमाण नव्या पद्धतींत शेंकडा २० होतें, जुनींत ३१. कामाच्या ताणानें दुखणें उलटेल, या भीतीला एवढें उत्तर पुरेसें आहे.

शिक्षणाची कथा याहून निराळी नाहीं. मनाचे गंभीर विकार बहुधा ऐन विद्यार्थिदशेंत उद्भवतात. शिक्षण अर्ध्यावर तुटलें कीं पुढची नोकरीही हलक्या प्रतीचीच उरते. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत बॉस्टन विद्यापीठांत अशा तरुणांस आधार देऊन पुन्हां शिक्षणाकडे आणण्याचे प्रयत्न सुरू झाले.

आपल्या देशांत १९९५ च्या अपंगविषयक कायद्यानें मानसिक आजाराची गणना अपंगत्वांत केली, पण सरकारी नोकऱ्यांतील शेंकडा ३ राखीव जागा वांटतांना अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग एवढ्यांनाच मोजलें. ही उणीव भरून निघण्यास २०१६ चा कायदा यावा लागला. तरी राखीव जागेवर अर्ज करणारा माणूस आधीं घराबाहेर पडावा लागतो. आपल्या घरांतून मात्र कॉलेज सुटलेल्या मुलाला "अगोदर बरा हो, मग पाहूं" असें सांगण्यांत येतें, आणि "लग्न करून दिलें म्हणजे ताळ्यावर येईल" असा सल्ला देणारेही भेटतात. त्या मुलाला "तुला काय करावेंसें वाटतें?" एवढें मात्र कोणी विचारीत नाहीं. न्यू हॅम्पशायरच्या पद्धतीचा आरंभ याच प्रश्नानें होतो. आणि तो विचारण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं.