ऐनाची साल आणि आपली जाळी

लुगड्याला कांजी घालावी, टोपीला खळ द्यावी, हे आपल्या घराघरांतून सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या दोऱ्यावर आपल्या ज्ञातीचा प्रपंच पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्या जाळ्याच्या दोऱ्यालाही ताठपणा द्यावा लागे, आणि तो पेजेने नव्हे तर रानातल्या झाडाच्या सालीने देत, हे आजच्या तरुणांस सांगितले तर नवल वाटते. म्हणून या विषयावर यथामती चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

१८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात मांगेला ज्ञातीची नोंद आहे. त्या काळी तारापूर, घिवली, दांडी, नवापूर, मुरबे, सातपाटी या आपल्या गावांतील जाळी तागाच्या वा कापसाच्या सुताची असत. असे सूत भिजले की मऊ पडते. भरतीओहोटीच्या ओढीत खुंटांना बांधलेल्या डोलीचे आस मिटले, तर पाणी आरपार जात नाही व सारा ताण जाळ्यावर येतो. दुसरे संकट कुजण्याचे. ताग आणि कापूस हे वनस्पतीचे तंतू. ओलसर ढिगात पडले की सूक्ष्म जंतू त्यांस खाऊन टाकतात.

या दोन्ही दुखण्यांवर औषध एकच, ऐनाची साल. ऐन हा आपल्या जिल्ह्याच्या रानांतील परिचित वृक्ष. त्याची जाड साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. ती कुटून, मोठ्या भांड्यात उकळून तांबडा-तपकिरी काढा करीत व त्यात जाळे बुडवून ठेवीत. सालीतील तुरट द्रव्य, ज्यास शास्त्रात टॅनिन म्हणतात, ते तंतूंत मुरते. त्यामुळे दोरा कडक होतो व जंतूंस त्याचा घास घेता येत नाही. मात्र हे द्रव्य समुद्राच्या पाण्यात हळूहळू निघून जाते, म्हणून भांगाच्या दिवसांत जाळी किनाऱ्यावर आली की पुन्हा काढा, पुन्हा उन्हात वाळवण. या कामातला मोठा वाटा स्त्रियांचा होता, आणि तो कोणी कधी हिशेबात धरला नाही, हे येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमच्या आजीचे हात कोपरापर्यंत तपकिरी असत. साल डोक्यावर घेऊन वारली मंडळी येत व सुकी मासळी घेऊन परतत. त्या व्यवहारात पैसा क्वचितच दिसे. १९६६-६७ च्या सुमारास आम्हीही काढा ढवळण्यास मदत करीत असू. शाळेत गुरुजींनी आमचे हात पाहिले व अस्वच्छतेबद्दल बाकावर उभे केले. सालीचा डाग साबणाने जात नसतो, हे त्यांस सांगण्याचे धैर्य तेव्हा आम्हांस झाले नाही. पुढे आम्ही स्वतः शिक्षक झालो, तेव्हा मुलांच्या हातांकडे बोट दाखविण्यापूर्वी घरचा धंदा विचारण्याची सवय आम्ही लावून घेतली.

त्याच सुमारास आमच्या एका चुलत्यांनी घाईने साल न देताच जाळे उधाणाला लावले. मासळी भरपूर लागली, आणि ओढताना खोळ फाटून ती सर्व समुद्रास परत गेली. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही.

हा उपाय केवळ आपलाच होता असे मात्र नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील कोळी ओकची साल वापरीत, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थान व ब्रह्मदेशातून गेलेल्या काताने आपली जाळी व शिडे रंगवीत. कात हा खैराचा. ज्या कामावरून आपल्या शेजारच्या कातकरी बांधवांना नाव मिळाले, तेच हे कात.

नायलॉन १९३५ साली अमेरिकेत सिद्ध झाले व पुढील तीस-पस्तीस वर्षांत आपल्या किनाऱ्यावर पसरले. ते कुजत नाही, साल मागत नाही. नायलॉनची गाठ मात्र निसटते, म्हणून ती कारखान्यातच ताणून उष्णतेने पक्की करतात. घरातली भांडी थंड झाली, स्त्रियांचे श्रम वाचले. त्याचे आम्हांस दुःख नाही.

पण खळीने आपली पाठ सोडली नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व पुढे बोईसर-तारापूरची वसाहत उभी राहिली. मागावर घासून तुटू नये म्हणून कापडाच्या उभ्या सुताला खळ देतात. भिवंडीकर तिला सायझिंग म्हणतात. रंगविण्यापूर्वी ती खळ धुऊन काढावी लागते. पिष्टमय पदार्थ पाण्यात कुजू लागला की पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो. सुती कापडाच्या कारखान्यांतील सांडपाण्याचा मोठा भार या एका धुण्यातूनच येतो. कापडाखेरीज रासायनिक कारखान्यांचे पाणी निराळेच. वसाहतीच्या सांडपाण्याची वाट नवापूरच्या समुद्राकडे जाते. आपल्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने याविरुद्ध २०१६ साली हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २०२२ च्या जानेवारीत दोषी कारखान्यांवर भरपाई बसविणारा निकाल लागला. ऐनाच्या काढ्याचे पाणीही आम्ही वाळूतच ओतत होतो. परंतु ते एका भांड्याचे होते.

ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी साल दिलेल्या सुती जाळ्याचा तुकडा, विणण्याची जुनी सुई अथवा काढ्याचे भांडे अद्याप असेल, त्यांनी ते येत्या वार्षिक संमेलनास अवश्य आणावे. आमच्या घरचे भांडे आम्ही आणणार आहोत. त्याच्या तळाशी सालीचा थर अजून आहे.